सहावा थांबा : घोड्याचा दगड

आधीच सांगते, मी गणिताची बाई आहे. बावीस वर्षं हायस्कूलला शिकवतेय. भूत, करणी, भानामती, अंगात येणं... हे सगळं माझ्या लेखी एकाच पोत्यातला माल होता. या ग्रुपवर मी चार वर्षं आहे, आणि खरं सांगायचं तर इथले अनुभव मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही सगळ्या पोट धरून हसायचो. कुणी "पांढऱ्या साडीतली बाई दिसली" लिहिलं की मी विचारणार — साडी कसली, इरकल की नायलॉन? तेव्हा आता मला कुणी हसलं तर माझी काही तक्रार नाही.

मला बाई दिसली नाही. काहीच दिसलं नाही. जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळी नऊच्या सुमारास, लख्ख उन्हात, बेळगावच्या कॅम्पमध्ये मी माझ्या शहात्तर वर्षांच्या वडिलांना वेताच्या काठीने मारलं. नऊ फटके. आणि मारताना मी जे बोलले ते मला माहीत असायचं काही कारणच नव्हतं.

नीट सुरुवातीपासून सांगते.

बेळगाव ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी — कॅम्प म्हणजे इंग्रजांनी आपल्या लष्करासाठी वसवलेला भाग. रुंद रस्ते, दोन माणसांच्या कवेत न मावणारी झाडं, दगडी चर्च, कमानीच्या खिडक्यांची जुनी दुकानं आणि मोठ्या आवारांतले कौलारू बंगले. बाहेरून आलेले पाहुणे फोटो काढत नुसते भटकतात, त्यांना काय बघतोय ते कळत नाही. म्हणून मी आणि आमच्या चित्रकलेच्या मॅडमनी मिळून पायी फिरण्याचा एक मार्ग तयार केला. गाईड नको, गर्दी नको. घडीचा एक नकाशा, त्यावर नऊ थांबे. थांब्यापाशी उभं राहून कोड स्कॅन केला की मोबाईलवर माझा आवाज माहिती सांगणार. आपल्या गतीने चाला, पाय दुखले की बसा.

सहावा थांबा मी हट्टाने घातला होता. एका बंगल्याच्या फाटकाशी (नंबर देत नाही, मालकांना त्रास नको) तीन पायऱ्या कोरलेला एक काळा दगड आहे. साहेबलोक त्यावर पाय ठेवून घोड्यावर चढायचे. माझे पणजोबा तिथे पट्टेवाले होते. आम्ही मूळचे निपाणीचे, बौद्ध. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लहानपणी एवढंच सांगितलं होतं की "माझा आजा कॅम्पात साहेबाकडं हुता, फाटकापाशी घोड्याचा दगड हुता." असा दगड आता त्या एकाच बंगल्यापाशी उरलाय, म्हणून मला तो सापडला.

आता आमच्या घरातल्या एका गोष्टीबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळं तिथेच अडलं.

आमच्या घरात काठी नसते. अजिबात नाही. निपाणीच्या घरात कपडे बडवायला धोपाटणंसुद्धा नव्हतं, आई दगडावर आपटून धुवायची. साप निघाला तर शेजाऱ्यांना हाक. मला आणि माझ्या चुलतभावंडांना कुणी कधी चापटही मारली नाही. मी नोकरीला लागले तेव्हा शाळेत सगळ्यांच्या हातात छडी असायची, मी मात्र खडूशिवाय काही धरलं नाही आणि मला त्याचा केवढा अभिमान! आई गेल्यावर आप्पा टिळकवाडीत माझ्याकडे राहायला आले. मी लग्न केलेलं नाही, तेव्हा आम्ही दोघंच. आल्या दिवशी त्यांनी काय केलं असेल? फरशी पुसायच्या मॉपची काठी उचलून बाहेर गॅलरीत नेऊन ठेवली. विचारलं तर म्हणाले, "आज्यानं सांगितल्यालं हाय. घरात काठी नगं." का, ते सांगत नसत. मला वाटायचं, पणजोबांनी साहेबाचा मार खाल्ला असणार, म्हणून काठीचा धसका.

डॉक्टर वर्षभर सांगत होते, गुडघे गेलेत, काठी घ्या. आप्पा ऐकत नव्हते. मग मीच खडेबाजारातून वेताची, वाकड्या मुठीची एक छान काठी आणली. माझ्यातली मास्तरीण... दुसरं काय. कुणाचा जुना धसका म्हणून माझ्या बापाने गुडघे झिजवायचे?

त्या रविवारी मी एकटीच आमचा मार्ग आधी चालून बघणार होते. आप्पा म्हणाले, मी येणार. मी म्हटलं, काठी घेतली तरच.

"काठी नगं गं मला. लई दमलो तर बसीन कुठंबी."

"आप्पा, दोन तास. फक्त रस्त्यावर. घरात आणायची न्हाई, गाडीतच ठेवू."

नाइलाजाने घेतली. पण टेकवली नाही. छत्री धरतात तशी बगलेत धरून पाच थांबे चालले. मला इतका राग येत होता! चर्चपाशी मी बडबडलेसुद्धा, त्यावर ते नुसते हसले.

सहाव्या थांब्यावर आलो. बंगल्याला कुलूप होतं, फाटकाच्या आत बसाप्पा नावाचा वॉचमन खुर्ची टाकून ऊन खात बसला होता. आप्पांनी दगडाच्या वरच्या पायरीवरून हात फिरवला. थोड्या वेळाने खिशातून मोबाईल काढला. स्कॅन करायला दोन्ही हात हवेत म्हणून काठी माझ्याकडे दिली.

माझा आवाज सुरू झाला. बंगला, कौलं, घोडे... आणि मग ते वाक्य, ज्याची आज मला लाज वाटते. "याच दगडापाशी माझ्या पणजोबांनी साहेबाचे फटके खाल्ले."

आप्पांनी मान वर केली. "ह्ये कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. अंदाजानं घातलंय. असंच झालं असणार की."

"बंद कर त्ये," ते म्हणाले. "खोटं हाय."

यापुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं.

हात वर गेला. मी उचलला असं वाटलं नाही, पण हात माझाच होता, बांगडी माझीच होती. पहिला फटका त्यांच्या खांद्यावर बसला. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं... चेहऱ्यावर फक्त आश्चर्य. दुसरा त्यांनी वर केलेल्या मनगटावर. आतून कट्ट असा आवाज आला आणि मोबाईल उडून रस्त्यावर पडला. तिसरा कानावर. कानाची पाळी फाटली आणि माझ्या पांढऱ्या ओढणीवर रक्त उडालं. आप्पा दगडावर पालथे पडले, हात वरच्या पायरीवर, पाठ माझ्याकडे. मग पाठीवर. एक, अजून एक. तिरके नाहीत हं... एकाखाली एक, सरळ, वहीत रेघा मारतात तसे. स्वेटर उसवला. हाडावर बसलेल्या फटक्याचा आवाज वेगळा येतो, तो मी त्या दिवशी शिकले.

कुकर उचलताना मनगट दुखतं म्हणणारी मी. दमच लागत नव्हता. आणि तुम्ही विचाराल, राग आला होता का? नाही. हेच सगळ्यात घाण आहे. राग नव्हता, मजाही नव्हती. पेपर तपासताना शेवटचा गठ्ठा राहिला की वाटतं ना, एकदाचं संपवू या — तेवढंच वाटत होतं.

बसाप्पा धावत आला. मागून मला कवटाळलं. मी कोपर मारलं ते त्याच्या तोंडावर बसलं आणि त्याचा पुढचा दात तुटला. तरी सोडलं नाही त्याने. मला जमिनीवर पाडून मनगटावर गुडघा रोवला, पण काठी सुटेना. शेवटी त्याने एकेक बोट मागे वाकवून काढलं. मधल्या बोटाचं हाड तेव्हाच मोडलं, मला कळलंसुद्धा नाही. आणि रस्त्यावर पडलेल्या मोबाईलमधून माझाच गोड आवाज येत होता... "आता उजव्या हाताला वळून सातव्या थांब्याकडे चला."

दोन बरगड्या, मनगट, कानाला आठ टाके. हॉस्पिटलमध्ये पोलीस आले. आप्पा त्यांना म्हणाले, "दगडावरनं पडलो. लेकीनं उचललं." डॉक्टरांनी पाठीवरचे सरळ वळ बघितले, मग माझ्या बोटाकडे बघितलं, आणि 'दगडावरून पडले' असंच लिहून टाकलं. त्या क्षणी मला जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं. मी दाराबाहेर बाकावर बसून राहिले, आत जायची हिंमत होईना.

तिसऱ्या दिवशी बसाप्पा आला. ओठ सुजलेला, हातात संत्र्यांची पिशवी. मी त्याचे पाय धरायला वाकले तर तोच मागे सरकला... घाबरला होता माझ्यापासून. जरा वेळाने म्हणाला, "बाई, येक विचारू काय? तुमी वडलास्नी आबा का म्हणत हुता?"

मी म्हटलं, मी आप्पा म्हणते. जन्मापासून.

"न्हाय बाई, मी ऐकलोय की. मारतानं तुमी रडत हुता आन् म्हणत हुता... 'आबा, हलू नगा. बारा पुरं करायचं हाईत. हलला तर परत पयल्यापास्नं मोजत्यात.'"

मी रडत होते? मला आठवत नाही. बोलले तेही आठवत नाही. आबा म्हणजे कोण, बारा कसले, परत पहिल्यापासून कोण मोजणार, मला काही कळेना. बसाप्पा गेल्यावर मी पहिल्यांदा आप्पांच्या खाटेपाशी गेले आणि विचारलं, तुम्ही ऐकलं का?

आप्पा छताकडे बघत होते. "ऐकलं की," म्हणाले. "तवाच वळखलं."

मग ते बोलले. बरगड्या दुखत होत्या, चार शब्दांवर थांबत होते. जसं बोलले तसं लिहिते.

"माझा आजा मार खाणारा न्हवता, गं. मारणारा हुता. बंगल्यात कुणी चुकलं की साहेब फटक्याची शिक्षा सांगायचा, आन् मारायचं काम पट्टेवाल्याचं. वेत त्येच्याच हातात. त्येचा बाप, त्येला त्यो आबा म्हणायचा, तितंच घोडेवाला हुता. साहेबाची घोडी लंगडी झाली. आळ आबावर आला. बारा फटकं. आज्याला वाटलं, दुसऱ्यानं मारलं तर म्हातारं मरंल, आपुन हळू मारू. तर साहेब सोता मोजाय हुबा ऱ्हायला. हळू मारल्याला फटका मोजंना. म्हातारं हललं की परत येकपास्नं. बाराचं किती झालं, कुणास ठावं. म्हातारं दगडावर पालथंच ऱ्हायलं. तिसऱ्या दिशी मेलं. आजा त्यो बंगला सोडून चालत निपाणीला आला, वखारीत पोती उचलली जलमभर. मराय टेकला तवा मला येकट्याला बसवून सांगितलं. म्हणला, ह्या हातात परत काठी याला नगं. माझ्या न्हाय, तुमच्या न्हाय."

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं?

आप्पांनी मान भिंतीकडे वळवली. "काय सांगू? मार खाल्ल्याला आजा-पणजा समद्यांच्या घरात हाय. मारल्याला कुणाच्याच घरात न्हाय. मग मारलं कुणी? ...लाज वाटली, गं."

आता तुम्ही म्हणाल, लहानपणी कधीतरी कानावर पडलं असेल. नंतर मी ज्यांच्याकडे गेले त्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडमही तेच म्हणाल्या. ऐकलेलं मेंदू जपून ठेवतो, दगड बघून ते वर आलं. मला हे पटायला हवं होतं! माझ्या डोक्याला हेच परवडतं. पण आप्पांनी हे आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. ते खोटं बोलत नाहीत... म्हणजे पोलिसांशी बोलले, तेवढं सोडून. आणि ऐकलं असलं तरी ते हाताला कसं कळलं? रेघेखाली रेघ मारायला हाताला कुणी शिकवलं?

पण माझी खरी भीती ही नव्हती. मी गणिताची बाई, मला दुसराच हिशेब सुचला. आप्पांच्या पाठीवर सहा वळ, त्याआधीचे तीन, म्हणजे बारातले नऊ झाले होते. तीन राहिले होते.

आप्पा घरी आले. मी त्यांना डाव्या हाताने चहा द्यायला लागले, डाव्या हाताने औषध. उजवा हात ओढणीत गुंडाळून ठेवायचे. बोटाचं प्लॅस्टर निघालं तरी तो थरथरायचा, खडू धरता येईना, शाळेतून बिनपगारी रजा घेतली. मॉपची काठी, झाडू, पडद्याचा दांडा, सगळं खाली सोसायटीच्या शेडमध्ये नेऊन टाकलं. संध्याकाळी आप्पा खुर्चीत पाठमोरे बसले की मी दुसऱ्या खोलीत जायचे. त्यांना म्हटलं, तुम्ही निपाणीला काकांकडे जा. ते म्हणाले, "जात न्हाय." म्हटलं, मग खोलीला आतून कडी घाला. एकदाही घातली नाही. मी त्यांच्यावर खूप ओरडले त्या दिवशी, कडी न घातल्याबद्दल. जिने मारलं तीच ओरडतेय, असं ते आहे बघा.

मधल्या काळात एकच काम केलं. सहाव्या थांब्याचा जुना मजकूर पुसला आणि नवा रेकॉर्ड केला. आप्पा म्हणालेच होते, "घालणार असशील तर खरं घाल."

एप्रिलमध्ये, एका सकाळी, चहा पिता पिता आप्पा म्हणाले, "आपलं तीन थांबं ऱ्हायल्यात न्हवं?"

मी नाही म्हटलं. दहा वेळा नाही म्हटलं. ते चपला घालून जिन्यात जाऊन उभे राहिले. गुडघे तसलेच, मनगट वाकडं जुळलेलं, कानावर टाक्यांचा व्रण. काय करणार... गाडी काढली.

बसाप्पाने आम्हाला बघितलं आणि खुर्चीतून उठून सरळ आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट आधार वाटला. आप्पांनी त्याला हाताने बाजूला केलं आणि दगडाच्या मधल्या पायरीवर बसले. मोबाईल काढला. स्कॅन केला.

"या दगडापाशी," माझा आवाज म्हणाला, "माझ्या पणजोबांनी आपल्या वडिलांना वेताने मारलं. हुकूम साहेबाचा होता. हात आमचा होता." पुढे आबांविषयी दोन वाक्यं आहेत. नाव सापडलं नाही, तेही सांगितलंय.

आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. मोबाईल खिशात ठेवला. मग म्हणाले, "हात दे."

मी डावा पुढे केला.

"त्यो न्हाय."

ओढणीत गुंडाळलेला हात मी काढेना. तो कोपरापासून थरथरत होता आणि मी शपथेवर सांगते, वर जायला बघत होता... बसाप्पा "बाई, बाई" करत पुढे सरसावला. आप्पांनी बसल्या बसल्याच माझं मनगट धरलं, त्यांच्या त्या वाकड्या हाताने, आणि खाली ओढलं. माझा तळवा आपल्याच खांद्यावर ठेवला, जिथे पहिला फटका बसला होता तिथे. उचलला, आणि परत ठेवला. अगदी हलके, लहान मूल निजवताना थोपटतात तसं.

"धा," ते म्हणाले.

परत.

"अकरा."

मी हुंदके देत होते, रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मला कशाचीच पर्वा नव्हती.

"बारा," आप्पा म्हणाले. "झालं. आबा, झालं बघा पुरं." आणि हे ते माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, दगडाकडे बघून म्हणाले.

हात थांबला. थरथर तिथल्या तिथे गेली. आज सहा महिने झाले, परत आलेली नाही, मी फळ्यावर सरळ रेघा मारते. का थरथरत होता, का थांबला? कुणाकडे उत्तर असलं तरी खरं सांगू का, आता मला नको आहे. आप्पा माझ्या त्याच हाताचा आधार घेऊन उठले, म्हणाले, "चल, सात नंबर कुठंशी हाय?" आणि उरलेले तीन थांबे आम्ही तसेच चाललो.